उघडी मूठ : पाली भाषेच्या आचार्यांचे ऋण

महापरिनिब्बान सुत्तामध्ये एक प्रसंग आला आहे. वेळुव गावातील वर्षावासात तथागतांना कठीण आजार झाला. त्या आजारातून ते उठल्यावर आनंदाने आपल्या मनातील गोष्ट बोलून दाखविली. भिक्खुसंघाविषयी काही अखेरचे सांगितल्यावाचून भगवान परिनिर्वाण पावणार नाहीत, एवढाच आपल्याला आधार वाटत होता, असे तो म्हणाला. त्यावर तथागतांनी दिलेले उत्तर भारतीय शिक्षणाच्या इतिहासात अपूर्व आहे. आपण धम्म आतले आणि बाहेरचे असा भेद न करता शिकविला आहे आणि आपल्यापाशी आचार्याची मूठ नाही, असा त्या उत्तराचा आशय आहे. पाली शब्द आहे ‘आचरियमुट्ठि’.

अट्ठकथेने या शब्दाचा खुलासा केला आहे. बाहेरचे आचार्य तरुणपणी विद्येचा काही भाग कोणाला सांगत नसत. मृत्युशय्येवर पडल्यावर एखाद्या आवडत्या शिष्याला जवळ बोलावून तो भाग त्याच्या कानात सांगत. ही राखून ठेवलेली विद्या म्हणजे आचार्याची मूठ. ज्या समाजाने ही मूठ शतकानुशतके बंद राहिल्याचे परिणाम स्वतः भोगले, त्या समाजाला या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आचार्यांचा सन्मान हा आपल्याकडे वारंवार निघणारा विषय आहे. हार घातले जातात, तसबिरींचे पूजन होते, भाषणे होतात. या सन्मानात एका वर्गाची आठवण क्वचितच होते. तो वर्ग म्हणजे भाषा शिकविणारे आचार्य. ज्याने वर्णमाला गिरवून घेतली, विभक्ती पाठ करून घेतल्या आणि एकेका शब्दाची फोड करून दाखविली, त्याचे नाव इतिहासात बहुधा राहत नाही. प्रस्तुत लेखात पाली भाषेच्या अशा आचार्यपरंपरेचा मागोवा घ्यावयाचा आहे. आज महाराष्ट्राच्या विहारांतून जी वंदना रोज म्हटली जाते, तिचा उच्चार आपल्यापर्यंत कोणकोणत्या हातांतून पोहोचला, हे त्यावरून ध्यानात येईल.

आचार्य आणि अंतेवासिक

प्रथम आचार्यसन्मानाची बौद्ध कल्पना काय आहे ते पाहू. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात सहा दिशांचे विवरण आहे. त्यात आचार्य म्हणजे दक्षिण दिशा. शिष्याने पाच प्रकारे आचार्याची सेवा करावी, असे तेथे सांगितले आहे. तो आला असता उठून उभे राहावे, त्याच्याजवळ जावे, ऐकण्याची उत्सुकता ठेवावी, त्याची शुश्रूषा करावी आणि विद्या आदरपूर्वक ग्रहण करावी. सुत्त येथे थांबत नाही. आचार्याचीही पाच कर्तव्ये ते लगेच सांगते. शिष्याला चांगले वळण लावावे, शिकविलेले त्याला नीट ग्रहण होईल असे करावे, आपल्याला अवगत असलेले सर्व शिल्प शिकवावे, मित्रमंडळींत त्याची प्रशंसा करावी आणि सर्व दिशांना त्याचे रक्षण करावे. म्हणजे सन्मान हा एका बाजूने वाहणारा प्रवाह नव्हे. दोन्ही बाजूंनी पाळावयाचा तो करार आहे.

विनयपिटकाने हे नाते अधिक स्पष्ट केले आहे. महावग्गाप्रमाणे आचार्याने अंतेवासिकाला पुत्रासमान मानावे आणि अंतेवासिकाने आचार्याला पित्यासमान. शिष्य आजारी पडला तर आचार्याने त्याची सेवा करावी, असा तेथे नियमच आहे. आचार्याच्या मनात मिथ्या दृष्टी उत्पन्न झाली, तर ती दूर करण्याचा प्रयत्न शिष्याने करावा, हेही शिष्याच्या कर्तव्यांत मोडते. गुरूच्या शब्दापुढे बुद्धी गहाण ठेवण्यास या परंपरेत स्थान नाही.

‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथात आचार्याचे पंचवीस गुण सांगितले आहेत. शिष्याची झोप, त्याचे आजारपण, त्याला भोजन मिळाले की नाही, इथपर्यंतच्या गोष्टींकडे आचार्याने लक्ष द्यावे, असे त्यांत आहे. त्याच यादीत ‘अरहस्सकारी’ आणि ‘निरवसेसकारी’ असे दोन शब्द येतात. शिकविताना काही गुप्त ठेवू नये आणि काही शिल्लक ठेवू नये, असा त्यांचा अर्थ. उघड्या मुठीचा हा शास्त्रोक्त उच्चार होय. शिष्याला विद्या दिली नसताना गुरुदक्षिणा म्हणून त्याचा अंगठा मागणारा द्रोणाचार्य आणि हा आचार्य, यांतील अंतर वाचकांनीच मोजावे.

स्वभाषा आणि भाषाचार्य

बुद्धवचन कोणत्या भाषेत शिकावे, हा प्रश्न तथागतांच्या हयातीतच उपस्थित झाला होता. चुल्लवग्गातील कथेप्रमाणे यमेळु आणि तेकुल नावाचे दोन भाऊ ब्राह्मण कुळातून संघात आले होते. नाना गोत्रांचे, नाना जातींचे भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन दूषित करतात, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून ते छंदस् भाषेत घालण्याची परवानगी त्यांनी मागितली. तथागतांनी त्यांचा निषेध केला आणि ‘सकाय निरुत्तिया’ बुद्धवचन शिकण्याची अनुज्ञा दिली. या शब्दांचा अर्थ अट्ठकथाकार मागधी भाषा असा करतात, तर अनेक आधुनिक विद्वान शिकणाऱ्याची स्वतःची भाषा असा करतात. अर्थ कोणताही घेतला तरी एक गोष्ट निश्चित आहे. एका वर्णाच्या ताब्यात असलेल्या भाषेत धम्म कोंडून ठेवण्यास तथागतांनी नकार दिला.

परंतु यातूनच भाषाचार्याची गरज निर्माण झाली. धम्म मगधाबाहेर गेला, समुद्रापार गेला. बोलणाऱ्यांची भाषा बदलली आणि ग्रंथांची भाषा तीच राहिली. या दोहोंमधील अंतर पार करून देणारा मनुष्य म्हणजे भाषेचा आचार्य. चिनी भिक्खू इत्सिंग इ. स. ६७१ मध्ये समुद्रमार्गाने भारताकडे निघाला. वाटेत श्रीविजय राज्यात तो सहा महिने थांबला आणि तेथे त्याने शब्दविद्येचा, म्हणजे व्याकरणाचा, अभ्यास केला. पुढे ताम्रलिप्तीला उतरल्यावरही नालंदेला जाण्याची त्याने घाई केली नाही. तेथे राहून त्याने संस्कृतचे शिक्षण घेतले. भारतात जाऊ इच्छिणाऱ्या चिनी भिक्खूंनी आधी श्रीविजयात एकदोन वर्षे राहून अभ्यास करावा, असे त्याने लिहून ठेवले आहे. महाविहाराच्या दाराशी जाण्यापूर्वी भाषेचे दार ओलांडावे लागते, हे त्याने अनुभवाने जाणले होते.

मुखपृष्ठावर नसलेली नावे

भारतात पालीची परंपरा खंडित झाली, तरी श्रीलंका, ब्रह्मदेश आणि सयाम येथे ती चालू राहिली. एकोणिसाव्या शतकात युरोपीय विद्वानांनी पालीचा अभ्यास सुरू केला, तेव्हा त्यांना याच देशांतील भिक्खूंच्या पायाशी बसावे लागले. रॉबर्ट सीझर चिल्डर्स यांचा पाली कोश १८७५ मध्ये पूर्ण झाला आणि पाश्चात्त्य जगात पालीच्या अभ्यासाला भक्कम पाया मिळाला. चिल्डर्स हे श्रीलंकेत ब्रिटिश सरकारच्या सेवेत होते. त्यांनी पाली शिकली ती यात्रामुल्ले उन्नान्से या थेरांकडून. वस्कडुवे सुभूती थेर यांच्या विद्वत्तेचाही त्यांना मोठा आधार मिळाला. सुभूती थेरांनी ‘अभिधानप्पदीपिका’ हा पालीचा प्राचीन कोश संपादित करून १८६५ मध्ये प्रसिद्ध केला होता.

याच यात्रामुल्ले थेरांचे दुसरे शिष्य म्हणजे टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स. तेही १८६४ पासून श्रीलंकेत सरकारी अधिकारी होते. न्यायासनासमोर आलेला एक पाली दस्तऐवज कोणालाच वाचता येईना, म्हणून त्यांनी ही भाषा शिकण्याचे ठरविले, असे सांगतात. त्या वेळी त्यांचे आचार्य आजाराने खंगलेले होते. तशाही अवस्थेत त्यांनी या परदेशी, परधर्मीय शिष्याला शिकविले. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये लंडनला दिलेल्या व्याख्यानांत या आचार्यांचे स्मरण कृतज्ञतेने केले आणि त्याच वर्षी पाली टेक्स्ट सोसायटीची स्थापना केली. रोमन लिपीतील तिपिटकाचे जे खंड आज जगभरच्या ग्रंथालयांत दिसतात, त्यांच्या मुळाशी एका आजारी भिक्खूने घेतलेला वर्ग आहे. त्या खंडांच्या मुखपृष्ठांवर त्याचे नाव नाही.

हेच काम संस्थेच्या रूपाने उभे केले हिक्कडुवे श्रीसुमंगल महास्थविरांनी. १८७३ मध्ये त्यांनी कोलंबोतील माळिगाकंद येथे विद्योदय परिवेणाची स्थापना केली. दोनच वर्षांनी रत्मलाने धम्मालोक थेरांनी विद्यालंकार परिवेण सुरू केले. आधुनिक भारतातील पालीचा इतिहास या दोन परिवेणांना वगळून लिहिता येणार नाही.

साखवाळ ते विद्योदय

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. गावच्या मराठी शाळेतील थोडेसे शिक्षण, एवढीच त्यांची शालेय पुंजी. ‘बालबोध’ मासिकात आलेले बुद्धांचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि बुद्धधम्माचे ज्ञान मिळविण्याचा त्यांनी निश्चय केला. हे ज्ञान कोठे मिळेल, हे सांगणारा कोणी जवळ नव्हता. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुण्यात संस्कृतचा आरंभ करून ते ग्वाल्हेरमार्गे काशीला गेले. तेथे अन्नछत्रांत जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. नंतर नेपाळ आणि बोधगया पाहून, कलकत्त्याच्या महाबोधी सभेच्या आधाराने, ते १९०२ मध्ये श्रीलंकेला पोहोचले आणि विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांचे शिष्य झाले. तेथेच त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली.

ज्या भूमीत बुद्धवचन प्रथम उच्चारले गेले, त्या भूमीतील एका जिज्ञासूला ते वाचता यावे म्हणून समुद्र ओलांडावा लागला. विद्या आपल्या घरून कशी नाहीशी झाली होती, याचे हे द्योतक आहे. श्रीलंकेतील आचार्यांनी मात्र ती दुसऱ्याचे धन म्हणून अडवून ठेवली नाही. आलेल्याच्या ओंजळीत त्यांनी ती पूर्ण टाकली.

श्रीलंका आणि ब्रह्मदेशातील अध्ययन संपवून कोसंबी १९०६ मध्ये परत आले. कलकत्त्याच्या नॅशनल कॉलेजात आणि नंतर कलकत्ता विद्यापीठात त्यांनी पाली शिकविली. विद्यापीठातील स्थान मानाचे आणि बऱ्या वेतनाचे होते. ते त्यांनी सोडले. महाराष्ट्रात राहून बौद्ध साहित्याचे कार्य करावे म्हणून बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा ५० रुपये देऊ केले होते. ही कितीतरी लहान रक्कम त्यांनी पत्करली. आपण जे शिकलो ते आपल्या भाषेच्या लोकांना द्यावयाचे, ही त्यामागील दृष्टी होती. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेले ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांतून तयार झाले.

फर्ग्युसनचा वर्ग

याच सुमारास हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांची कोसंबींशी गाठ पडली आणि त्यातून १९१० मध्ये कोसंबींना अमेरिकेला जाण्याचा योग आला. बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचे हेन्री क्लार्क वॉरन यांनी आरंभिलेले संपादन त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले होते. ते पुरे करण्याचे काम कोसंबींकडे आले. परंतु प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याशी श्रेयाच्या प्रश्नावरून मतभेद झाले आणि १९१२ मध्ये कोसंबी परत आले. पुढे ते आणखी तीनदा हार्वर्डला गेले आणि ते काम त्यांनी तडीस नेले. तो ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत लॅनमन आणि कोसंबी दोघेही हयात नव्हते. ग्रंथावर मात्र वॉरन यांच्या नावाबरोबर संशोधक म्हणून कोसंबींचे नाव आहे. भाषाचार्याच्या श्रमावर त्याचे नाव असावे, एवढीच मागणी होती. ती मान्य होण्यास एक आयुष्य लागले.

१९१२ ते १९१८ या काळात कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळाले, त्यामागे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे आणि त्यांचे प्रयत्न होते. अभ्यासक्रमात विषय आला, तरी विद्यार्थ्याच्या हातात देण्यास देवनागरीतील ग्रंथ फारसे नव्हते. पाली ग्रंथ सिंहली, बर्मी, सयामी किंवा रोमन लिपीत होते. म्हणजे भाषा शिकण्यापूर्वी एखादी परकी लिपी शिकणे भाग होते. हा अडसर दूर करण्यात या पिढीतील अध्यापकांचे मोठे श्रम खर्ची पडले. कोसंबींचा देवनागरी ‘विसुद्धिमग्ग’ १९४० मध्ये भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केला. ‘अभिधम्मत्थसंगह’ या ग्रंथावर त्यांनी ‘नवनीत टीका’ लिहिली, ती पाली भाषेतच. मुंबई विद्यापीठाच्या देवनागरी पाली ग्रंथमालेत प्रा. एन. के. भागवत यांनी ‘निदानकथा’, ‘महावंस’ इत्यादी ग्रंथ संपादित केले.

फर्ग्युसनच्या त्या वर्गातून पुढचे आचार्य निघाले. चिं. वि. राजवाडे यांनी दीघनिकाय मराठीत आणण्याचे काम केले. पु. वि. बापट यांनी ‘विमुत्तिमग्ग’ आणि ‘विसुद्धिमग्ग’ यांचा तुलनात्मक अभ्यास १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षी, १९५६ मध्ये, भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने काढलेल्या बौद्ध धम्माच्या अडीच हजार वर्षांच्या इतिहासाचे संपादन त्यांच्याकडेच होते. विद्योदयात पेटलेला दिवा पुण्यात दुसरा दिवा लावून गेला होता.

कोसंबींनी आपले काम महाविद्यालयापुरते ठेवले नाही. १९३० च्या दशकात मुंबईच्या गिरणगावात, परळ येथे, त्यांनी बहुजन विहार उभा केला, तो कामगारांसाठी, विशेषतः अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांसाठी. बुद्धधम्माचा मराठीतील अभ्यासक आणि पुढे त्या धम्माचा स्वीकार करणारा समाज, यांच्यातील अंतर या विहाराने काही काळ तरी कमी केले. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे कोसंबींचे देहावसान झाले.

विद्यालंकार परिवेणातून याच प्रकारे दुसरी शाखा उत्तर भारतात आली. राहुल सांकृत्यायन १९२७ मध्ये तेथे संस्कृत शिकविण्यास गेले आणि शिकविता शिकविता स्वतः पाली शिकून त्रिपिटकाचार्य झाले. त्यांच्या मागोमाग भदन्त आनंद कौसल्यायन आणि भिक्खू जगदीश काश्यप तेथे गेले. काश्यपांनी १९४० मध्ये हिंदीत ‘पालि महाव्याकरण’ लिहिले, १९५१ मध्ये नालंदा येथे पाली संस्था उभी केली आणि त्यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली १९५६ ते १९६१ या काळात संपूर्ण तिपिटक ४१ खंडांत देवनागरीत प्रकाशित झाले. कौसल्यायन यांनी जातककथा सहा खंडांत हिंदीत आणल्या, पाली-हिंदी कोश रचला आणि उत्तर आयुष्यात नागपूर ही आपली कर्मभूमी केली. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचा हिंदी अनुवाद करताना त्यातील विवेचनाचे मूळ पाली आधार शोधून देण्याचे कष्ट त्यांनी घेतले. ग्रंथ वाचणाऱ्याला मुळापर्यंत जाण्याची वाट करून देणे, हे भाषाचार्याचेच काम होय.

बंद दार आणि बाबासाहेबांचा कोश

या परंपरेला समांतर दुसरा इतिहास याच महाराष्ट्रात घडत होता. विद्यार्थी भीमराव यांना शाळेत संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य विद्यार्थ्याला संस्कृत शिकविण्यास शिक्षकाने नकार दिला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. १९१२ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले, ते इंग्रजी आणि फारसी हे विषय घेऊन. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या परिश्रमाने हस्तगत केली. कोसंबींना पालीसाठी समुद्र ओलांडावा लागला, पण समुद्रापलीकडे उघडे दार होते. बाबासाहेबांच्या बाबतीत दार वर्गातच होते आणि ते वर्गातच बंद झाले. आचार्याची मूठ म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागू नये.

मात्र त्याच काळात एका शिक्षकाची उघडी मूठही त्यांच्या वाट्याला आली. शालेय परीक्षेतील यशाबद्दल भरलेल्या अभिनंदनाच्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुस्कर यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी या भेटीचा उल्लेख केला आहे. १८९८ मध्ये मराठीत प्रसिद्ध झालेले एक पुस्तक, ते लिहिणारा एक शाळाशिक्षक आणि ते घेणारा एक विद्यार्थी, एवढीच ही घटना. तिचे फळ १९५६ मध्ये सर्वांनी पाहिले.

बाबासाहेबांनी आपल्या शिक्षणसंस्थांना दिलेली नावेही या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि १९५० मध्ये औरंगाबादला सुरू झालेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा. नागसेनाने त्याला वादाच्या आरंभीच अट घातली होती की वाद पंडितांच्या रीतीने होणार असेल तरच बोलू, राजांच्या रीतीने नव्हे. पंडितांच्या वादात खंडन होते, चूक मान्य करावी लागते आणि कोणी रागावत नाही. राजांच्या वादात विरोध करणाऱ्याला दंड होतो. राजाने ही अट मान्य केली आणि तो विद्यार्थी झाला. विद्यार्थ्याच्या नावाने ओळखले जाणारे महाविद्यालय ही कल्पना साधी नाही.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, प्रकृती ढासळलेली असताना, बाबासाहेब पाली भाषेचे व्याकरण आणि शब्दकोश तयार करीत होते. महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये त्यांच्या लेखन आणि भाषणांचा सोळावा खंड प्रसिद्ध केला, त्यात हे साहित्य आहे. पालीतील एकेक शब्द घेऊन त्याचे इंग्रजी, मराठी, गुजराती आणि हिंदी अर्थ देणारा कोशही त्यात आहे. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविलेला मनुष्य शब्दांना अर्थ जोडीत बसतो, याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही. आपला समाज उद्या या धम्मात येणार, त्याला मूळ ग्रंथ स्वतः वाचता आले पाहिजेत आणि त्यासाठी त्याला पुन्हा कोणाच्या दाराशी ताटकळत उभे राहावे लागू नये, ही दूरदृष्टी त्यामागे स्पष्ट दिसते. ज्यांना एका भाषेच्या वर्गाबाहेर ठेवले गेले, त्यांनी दुसऱ्या भाषेचा वर्ग सर्वांसाठी उघडला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात महास्थविर चंद्रमणी यांनी बाबासाहेबांना आणि माईसाहेबांना पालीतून त्रिशरण आणि पंचशील दिले. चंद्रमणी हे मूळचे ब्रह्मदेशाचे. कुशीनगरला राहून त्यांनी धम्मकार्य केले होते. त्यानंतर बाबासाहेबांनी लाखो अनुयायांना दीक्षा दिली. दीक्षा देणारा पद उच्चारतो आणि घेणारा ते मागून म्हणतो, हीच भाषाशिक्षणाचीही सर्वांत जुनी पद्धत आहे. त्या मैदानावर बहुसंख्य लोकांनी पालीचे शब्द आयुष्यात प्रथमच उच्चारले. अर्थ समजावून देणारा मराठी भाग बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांत होता. उच्चार पालीत आणि आशय मायबोलीत, असा तो दुहेरी पाठ होता.

सन्मान कशाने होतो

आता आजच्या परिस्थितीकडे वळू. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या भाषांना अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. मराठी बौद्धांच्या दृष्टीने त्यांची मातृभाषा आणि त्यांच्या धम्माची भाषा, या दोहोंना एकाच दिवशी हा मान मिळाला. ही आनंदाची गोष्ट होय. त्याच वेळी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील ऐच्छिक साहित्यविषयांत आज पाली नाही. एके काळी ती होती, हेही विसरून चालणार नाही. दर्जा आणि वर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर्जा घोषणेने मिळतो. वर्ग चालतो तो शिकविणाऱ्यामुळे आणि शिकणाऱ्यामुळे.

कोसंबींच्या काळी ग्रंथ दुर्मिळ होते आणि लिपी परकी होती. आज तो अडसर उरलेला नाही. नालंदेचे देवनागरी तिपिटक आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने अट्ठकथा आणि टीकांसह सुमारे १४० खंड देवनागरीत काढले आहेत. नागपूर, मुंबई, पुणे आणि छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांत पालीचे अध्यापन होते. मूठ उघडी आहे, हातात सर्व काही आहे. उणीव आहे ती घेणाऱ्यांची, आणि जे शिकवितात त्यांच्या स्थैर्याची. अनेक महाविद्यालयांत भाषाविषयांचा भार तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकांच्या शिरावर आहे. पुढील वर्षी वर्ग राहील की नाही, याची त्यांना शाश्वती नसते. सिगालोवाद सुत्ताने आचार्यावर शिष्याच्या रक्षणाची जबाबदारी टाकली आहे. आचार्याच्या रक्षणाची जबाबदारी समाजाने उचलावयास हवी.

ही जबाबदारी उचलणे आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. प्रत्येक विहारात आठवड्यातून एकदा वंदनेतील एकेका पदाची फोड करून अर्थ सांगणारा वर्ग चालू शकतो. त्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही. शिकविणाऱ्याला नियमित मानधन द्यावे आणि ते दान न समजता त्याचा हक्क समजावे. विहाराने काढलेल्या पुस्तिकेत पाली मजकूर ज्याने तपासला, त्याचे नाव छापावे. यात्रामुल्ले थेरांच्या बाबतीत जे झाले नाही, ते आपण करू शकतो. मुलांनी पाली विषय घेतला तर त्याचा उपयोग काय, असा प्रश्न घरात विचारला जातो. त्या घरातील वंदनेचे पुस्तक कोणीतरी तो विषय घेतला म्हणूनच तेथे आले आहे, एवढे तरी पालकांनी लक्षात घ्यावे.

आचार्यांच्या स्मृतिदिनी पुष्पहार अर्पण करण्यास कोणाची हरकत असू नये. परंतु विनयाच्या आणि सुत्तांच्या दृष्टीने पाहिले तर शिष्याकडून आचार्याला अपेक्षित असलेली मुख्य गोष्ट एकच दिसते, ती म्हणजे विद्या आदरपूर्वक ग्रहण करणे. सुमंगल महास्थविरांचा सन्मान कोसंबींनी केला, तो फर्ग्युसनमध्ये वर्ग घेऊन. कोसंबींचा सन्मान बापट आणि राजवाडे यांनी केला, तो ग्रंथ रचून. केळुस्करांच्या भेटीचे ऋण बाबासाहेबांनी एका संपूर्ण समाजाला धम्म देऊन फेडले. आणि बाबासाहेबांनी आपल्यासाठी सिद्ध केलेला पाली कोश आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे. तो उघडून त्यातील शब्द शिकण्यास बसणे, हा त्यांचा सन्मान करण्याचा मार्ग आपल्यापैकी प्रत्येकाला मोकळा आहे.